हात नोको लावू

भाऊजींना गाडी चालवता येत नाही. लायसन आहे, ते खिशात असतं, आणि रस्त्यात पोलिसाने हात दाखवला की चालवणाऱ्याच्या आधी भाऊजीच ते काढून दाखवतात. गाडी साळ्याची, डिझेल साळ्याचं, चालवणाराही साळाच. भाऊजींकडे फक्त टेपाचा कारभार. तो देवरीच्या चौकातून गाडी हलली की सुरू होतो आणि मुक्कामाचं गाव आलं तरी संपत नाही, कारण त्या टेपाला लावलेला पेन ड्राइव्ह कधी चालतो आणि कधी चालत नाही.

आमच्याकडे सात सीटच्या गाडीत पुढच्या जागेवर तिघांचा हक्क मानतात. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस, मासुलकसाच्या घाटात ज्याला मळमळतं ते माणूस, आणि जावई. भाऊजी जावई आहेत. लग्नाला बरीच वर्षं झाली, मुलं कॉलेजात गेली, तरी सासरच्या गाडीत ते पुढचं दार उघडूनच आत शिरतात, आणि सासूबाई मागे कितीही खोकल्या तरी वळून बघत नाहीत. मध्यंतरी या जागेवर संकट आलं होतं. धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं, घरात नवा जावई आला, आणि रीतीप्रमाणे पुढची सीट त्याच्याकडे गेली. साडू म्हणजे भाऊबंदच, पण सीटच्या बाबतीत नव्हे. भाऊजी मधल्या रांगेत, दोन लेकरं आणि एक फणस यांच्यामध्ये बसले. आमगावच्या रस्त्याला लागताच गाणं बंद पडलं. नव्या जावयाने सहज हात पुढे करून पेन ड्राइव्ह हलवला, तर मागून अशी हाक आली की साळ्याने ब्रेकच मारला. "हात नोको लावू!"

त्यानंतर जे काही झालं ते घरात अजून सांगतात. भाऊजी उतरले, पुढचं दार उघडलं, म्हणाले, "उतरा जी जरा, कॉन्टॅक पाहा लागते." साडू उतरला. कॉन्टॅक्ट पाहून झाला, गाणं लागलं, गाडी निघाली, आणि साडू फणसाशेजारी बसलेला होता. तो आजतागायत तिथेच आहे. फणस तेवढा बदलतो.

शहरातला वाचक म्हणेल, मोबाइल जोडा, इंटरनेटवरून गाणी लावा, कटकट मिटली. त्याने एकदा देवरीहून चिचगड आणि तिथून पुढे ककोडीकडे जाऊन दाखवावं. झाडी दाट झाली की रेंज येते-जाते, रेडिओ लावला तर खरखर. सोबत नेलेलं गाणं तेवढं वाजतं. म्हणून मोबाइलच्या दुकानात गाणी भरून मिळणारा पेन ड्राइव्ह इथे अजून मानाने जगतो. आमच्या गाडीतल्या पेन ड्राइव्हमध्ये भीमगीतं आहेत, विठ्ठलाची भजनं आहेत, मंडईच्या दिवसांत भरलेली डीजेची गाणी आहेत, सीमेपलीकडची छत्तीसगढी गाणी आहेत, कचारगडच्या यात्रेला जाताना कुणीतरी टाकलेली गोंडी गाणी आहेत, आणि सासऱ्यांसाठी लता-रफी. ती ज्या क्रमाने वाजतात त्यात काही अर्थ लागत नाही. भजनाच्या पाठोपाठ डीजे सुरू होतो आणि सासूबाईंचे जोडलेले हात जोडलेलेच राहतात. भाऊजी त्याचं कारण सांगतात आणि ते बरोबर असतं: या टेपाला अकारविल्हे लावता येत नाही. पेन ड्राइव्हमध्ये जे गाणं आधी उतरवलं त्याची नोंद आधी, आणि टेप त्या नोंदवहीच्या क्रमाने वाजवत जातो. "पंगतीत जो आंधी बसला त्याले आंधी वाढतेत," ते म्हणतात, "तुमी भजन करून रायले का नाचून रायले, ते वाढप्याले काय मालूम?"

भाऊजी चुकीचं बोलत नाहीत, हीच त्यांच्याबाबतची खरी अडचण आहे. अडाणी माणूस असता तर कुणीतरी गप्प केला असता. पण त्यांचं सगळं ज्ञान पक्कं आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन चालू असलं की चौदाच्या आसपास. पेन ड्राइव्हला लागतात पाच. सेल्फ मारला की बॅटरीवर एवढा ताण येतो की व्होल्टेज दहाच्याही खाली उतरू शकतं, त्या क्षणात टेप मान टाकतो, पुन्हा उठतो, आणि पेन ड्राइव्ह पहिल्यापासून वाचत बसतो. म्हणून गाडी चालू झाल्याशिवाय पेन ड्राइव्ह लावू नये. टेपाच्या मागची पिवळी वायर कायमच्या विजेची आणि लाल चावीच्या विजेची. पिवळी निसटली तर टेप वेळ, स्टेशन, आवाज सगळं विसरतो. हे सगळं ते साकोलीच्या अलीकडे सांगून मोकळे होतात. साकोलीनंतर पिनचा विषय लागतो.

पिनमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या आहेत, म्हणजे पिन आत जाताना वीज आधी पोचते आणि बोलणं मागून सुरू होतं. "म्हनून पा, दिवा लागते पन गानं लागत नाई. कडेचे टेकले, मधातले टेकले नाई." पेन ड्राइव्हचा लाल दिवा बघून ज्याला वाटलं की आता गाणं लागेल, त्याच्याकडे भाऊजी असे बघतात की त्या माणसाला आपल्या शिक्षणाची शंका यावी. मागे एकदा साडूने मोबाइलच टेपाला जोडायचा ठरवला. स्वतःची वायर आणली, लावली, मोबाइल चार्ज व्हायला लागला, टेपावर मात्र ‘नो डिव्हाइस’. त्याने वायर उलटीसुलटी केली, मोबाइल बंद-चालू केला, घाम पुसला. भाऊजी शांतपणे खिडकीबाहेर धानाचे बांध बघत राहिले. शेवटी म्हणाले, "चार्जिंगची हाय ते. दोनच तारा हायेत आत. डाटाच्या तारा टाकल्याच नाई कंपनीनं." स्वस्तातल्या पुष्कळ वायरी खरोखरच तशा असतात. साडूने ती वायर गुंडाळून खिशात ठेवली आणि उरलेल्या प्रवासात फणसाच्या काट्यांवरून हात फिरवत राहिला.

भाऊजींचा एका माणसावर राग आहे. त्याचं नाव अजय भट्ट. इंटेलमध्ये ज्या मंडळींनी यूएसबी घडवली त्यांचा हा म्होरक्या, बडोद्याला शिकलेला. १९९६ च्या जानेवारीत यूएसबीचं पहिलं मानक आलं. भाऊजी हिशेब लावतात की गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला, म्हणजे ही पिन आपल्या जिल्ह्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे, आणि तरी तिला अजून अक्कल नाही. पिन पहिल्या खेपेला कधीच बसत नाही. उलटी करावी तर तशीही बसत नाही, पुन्हा सुलटी केली की बसते. हा अनुभव भाऊजींचा एकट्याचा नाही, पण तो त्यांनी मनाला लावून घेतला. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट वाढलं असतं, खर्च वाढला असता, आणि स्वस्त नसती तर ती कुणी घेतलीच नसती, असा खुलासा भट्टांनी नंतर केला आहे. भाऊजींना तो पटत नाही. "सयाजीरावांच्या युनिवर्सिटीत शिकला मानूस," ते म्हणतात, "अन् येवढा खर्च पाहून रायला!" सयाजीराव असते तर पिन दोन्हीकडून बसली असती, याबद्दल त्यांच्या मनात संशय नाही.

प्रत्यक्ष उपचाराची त्यांची पद्धत ठरलेली आहे. या गाडीत टेपाच्या मागून एक जोडवायर काढून डॅशबोर्डच्या खणात सोडलेली आहे. पेन ड्राइव्ह तिच्या तोंडात बसतो. गाणं अडखळलं की भाऊजी खणाचं झाकण उघडतात, दोन्ही हात मनगटापर्यंत आत घालतात, आणि डोळे मिटतात. डोळे उघडे ठेवून त्यांना कॉन्टॅक्ट सापडत नाही. टेपाच्या निळ्या पाटीकडे बघायला साळ्याला नेमलेलं असतं, आणि तो घाटातल्या ट्रकांमधून वाट काढता काढता वाचून दाखवतो: "रीडिंग... रीडिंग... गेलं... रीडिंग... एरर." नाही जमलं तर पेन ड्राइव्ह बाहेर येतो. त्यावर फुंकर. (फुंकरीतला ओलावा धातूला चांगला नाही, हे भाऊजींना माहीत आहे. तरी फुंकतात. फुंकल्याशिवाय दुरुस्ती सुरू झाली असं त्यांना वाटत नाही.) मग सदऱ्याच्या टोकाने पुसणं. मग कोरोनाच्या काळातली सॅनिटायझरची बाटली. इथे मात्र ज्ञान तोकडं पडतं: पिन साफ करायला शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, हाताच्या सॅनिटायझरात ग्लिसरीन असतं, ते सुकल्यावर पट्ट्यांवर चिकट थर सोडतं. पण गाडीला वास छान येतो.

त्यानंतर पाचरीचा टप्पा. पिन एका विशिष्ट कोनात राहिली की गाणं वाजतं, म्हणून तो कोन कायम करायचा. यासाठी भाऊजींनी काडेपेटीची काडी, पेनाचं टोपण, दुमडलेलं एसटीचं तिकीट असं सगळं वापरून पाहिलं आहे. हल्लीचं मशीनमधून निघणारं तिकीट पातळ, त्यात दम नाही. जुन्या छापील तिकिटांबद्दल ते हळहळतात. सर्वांत उत्तम लग्नपत्रिकेचा कोपरा, आणि तोही सधन घरच्या. लग्नसराईत पत्रिका आली की घरातले तारीख बघतात, भाऊजी अंगठ्याने जाडी बघतात.

पाचर घालून सॉकेट आणखी फाकतं हे सांगायला कुणी धजत नाही. आणि पाचरही निसटली तर मग माणूस लावायचा. साळ्याचा धाकटा पोट्टा दोन्ही सीटच्या मधून वाकून बसतो आणि पिन धरतो. "असाच धरून ठेव. हालू नोको. श्वास सोडला तरी चालते, पन हात नोको सोडू." एका डिसेंबरच्या रात्री आम्ही वडशाकडे झाडीपट्टीचं नाटक बघायला गेलो होतो. नाटक पहाटेपर्यंत चाललं. परतताना गाडीत सगळे झोपले, साळाही अर्धा झोपलाच होता, जागे फक्त भाऊजी आणि तो पोट्टा. त्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण गाणं सलग वाजत होतं. सकाळी भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं, "टेप एकदम ओके होऊन गेला." पोट्ट्याच्या आईने त्या मनगटाला दोन दिवस तेल चोळलं.

दोष कुणाचा, याचाही एक ठरलेला क्रम आहे. पहिला दोष पेन ड्राइव्हचा: डुप्लिकेट असेल. मग गाण्याचा: नीट भरलं नसेल. मग दुकानदाराचा: चौसष्ट जीबीचा दिला असेल, जुना टेप फॅट-३२ शिवाय दुसरी लिपी वाचत नाही. मग रस्त्याचा. आपला महामार्ग जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. भाऊजी अजून सहाच म्हणतात, आणि त्याच्यावर कुठे कुठे गाणं तुटतं हे त्यांना तोंडपाठ आहे. सडक अर्जुनीच्या वळणावर एकदा. घाट उतरताना दोनदा. सिरपूरच्या नाक्याआधी ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली की मात्र नीट वाजतं. एकदा राजनांदगावच्या बाजूला लग्नाला निघालो, तर बाघनदी ओलांडल्यापासून मांडवाच्या दारापर्यंत गाणं एकदाही अडखळलं नाही. भाऊजी गंभीर झाले. "छत्तीसगडचं वातावरन कोरडं हाय," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर महाराष्ट्रात शिरताच ‘एरर’ आला, तेव्हा त्यांचा चेहरा दुःखी होता, पण सिद्धांत खरा ठरल्याचं समाधानही त्यात होतं. आम्ही जाताना खणात आहेराची पाकिटं ठेवलेली असल्यामुळे भाऊजींना झाकण उघडू दिलं नव्हतं, ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आली नाही.

ती लक्षात आली साळ्याच्या थोरल्या मुलीच्या. ती गोंदियाला पॉलिटेक्निकला आहे. सुट्टीत आली, मागच्या सीटवरून देवरी ते आमगाव सगळा सोहळा पाहिला, आणि तिने एकच विचारलं, "फुफाजी, ही वायर टेपापासून खणापर्यंत येते कुठून?" भाऊजींनी तिला पाच व्होल्टचं सांगितलं. ती म्हणाली, "ते झालं. पण येते कुठून?" भाऊजींनी तिला पंधराशेचा आकडा सांगितला. हाही खरा आहे: यूएसबीचं हे नेहमीचं मोठं सॉकेट किमान पंधराशे वेळा पिन घालायला-काढायला टिकावं, असं मानकात गृहीत धरलेलं आहे. भाऊजींच्या हिशेबाने रोज दहादा काढघाल केली तर दीडशे दिवसांत, म्हणजे एका धानाच्या हंगामात, सॉकेट म्हातारं होतं. "सॉकेटची उमर झाली, बाई." ती ऐकून घेऊन गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन गाडीसह गोंदियाला गेली.

गोंदियाच्या कार डेकोरच्या दुकानातल्या पोराने टेपाची पट्टी काढली, टेप बाहेर ओढला, मागचा कपलर तपासला; तो घट्ट होता. सप्लाय बरोबर होता. अर्थिंग बरोबर होतं. मग त्याने जोडवायर बोटांतून सरकवत आणली आणि खणाच्या बिजागरीपाशी थांबला. वायर तिथे चेपून चपटी झाली होती, वरचं प्लास्टिक फाटलं होतं, आतली एक बारीक तार दोन-चार धाग्यांवर लटकत होती. झाकण बंद झालं की बिजागरी वायर चावायची. आणि झाकण सहज बंद होत नव्हतं, कारण खणात एक टेस्टर होता, काळ्या पट्टीची दोन बंडलं होती, सॅनिटायझरची बाटली, एक जुना दातांचा ब्रश, निकामी पेन ड्राइव्ह ठेवलेला गुटख्याचा डबा, आणि लग्नपत्रिकांचे कोपरे कापून ठेवलेली एक पिशवी. ते सगळं आत बसवून भाऊजी झाकण गुडघ्याने ठोकून बंद करायचे. दर दुरुस्तीनंतर.

पोराने नवी वायर दुसऱ्या बाजूने फिरवून आणली, कपलरपाशी एक बंध मारला, दोनशे रुपयांच्या आत पैसे घेतले. घरी हा विषय कुणी काढला नाही. जावयाला बिजागरीची गोष्ट सांगणार कोण? सासूबाईंनी नातीला डोळ्यांनीच दटावलं. खणातलं सामान साळ्याने जसंच्या तसं ठेवलं, फक्त झाकण आता बाहेरच्या वायरीला शिवत नाही.

पुढच्या रविवारी नवेगावबांधला जायचं ठरलं. गाणं पहिल्या सेल्फला लागलं आणि लागून राहिलं. भजन संपलं, डीजे सुरू झाला, डीजे संपला, रफी आला. भाऊजी पुढे बसले होते, पण मांडीवर ठेवलेले हात काय करावं ते न कळून एकमेकांत अडकले होते. टेपाकडे बघायचे, खणाकडे बघायचे, रस्त्याकडे बघायचे. घाटाचा उतार आला, ते पुढे सरकून बसले, उतार गेला. कोहमाऱ्याला चहाला थांबलो, आणि चहा घेऊन परत येईतो साडू पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. मुद्दाम नव्हे, दार उघडं होतं म्हणून. कुणी काही बोललं नाही. गाणं वाजत होतं, आक्षेप घ्यायला काही कारणच नव्हतं. भाऊजी मागे येऊन माझ्याशेजारी, डाव्या खिडकीला बसले.

गाडी हायवे सोडून नवेगावच्या रस्त्याला लागली. भाऊजी मान वाकडी करून शेजारच्या दाराला कान लावून बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाव्या बाजूचा आवाज कमी येऊन रायला."

कुणी उत्तर दिलं नाही.

"बॅलन्स गेला हाय," भाऊजी म्हणाले. "वायर बदलली ना, त्याच्यानं होते कधी कधी. बॅलन्स पुढं बसूनच पाहा लागते."

साडूने टेपाकडे हात नेला.

"हात नोको लावू!"

त्या गाडीच्या मागच्या डाव्या दारात, ती विकत घेतली तेव्हापासून, नुसती जाळी आहे. आत स्पीकर कधी नव्हताच. साळ्याला हे ठाऊक आहे. त्याने आरशात भाऊजींकडे पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूला घेतली. "हाव जी भाऊजी," तो म्हणाला, "पाहाच एक डाव."